आईंचे पाच पूर्णांक एक दशांश स्पीकर

आई, परवा तुमच्या शोकसभेत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "बर्वे बाईंना शांतता फार प्रिय होती." मी पहिल्याच रांगेत होतो. खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिलो, नाहीतर फिस्सकन हसलो असतो आणि तुमच्या लेकीने, म्हणजे माझ्या बायकोने मेधाने, मला तिथल्या तिथे फाडून खाल्लं असतं. शांतता! जिच्या दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये सहा स्पीकर होते, जिच्यामुळे शेजारच्या भाटियांनी भिंतीवरचं घड्याळ काढून दुसऱ्या भिंतीला लावलं, त्या बाईला म्हणे शांतता प्रिय. त्या गृहस्थांना तुम्ही पाचवीत गणित शिकवलं होतं. वर्गात शांतता असायची ती तुमच्या धाकाने. तेवढंच बिचाऱ्याच्या लक्षात राहिलंय.

सगळे चांगलंच बोलले. दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेतली तुमची वर्षं, तुमची शिस्त, तुमच्या हातचे अनारसे. मला बोलायला सांगितलं तेव्हा "सासूबाई नव्हत्या, आईच होत्या" असं काहीतरी पुटपुटून मी खाली बसलो. लोकांना वाटलं, जावयाला दुःख अनावर झालं. दुःख होतंच हो, पण खरी अडचण वेगळी होती. तुमच्याबद्दल खरं बोलायचं तर तुमच्या डोळ्यांबद्दल बोलावं लागलं असतं, आणि मेधा समोर बसली होती. म्हणून तिथे गिळलेलं सगळं आता इथे लिहितोय. अधेमधे टोकू नका.

दीड वर्षापूर्वीचा तो रविवार आठवतो? तुमच्या गॅसचा रेग्युलेटर बदलायला मी एकटाच आर. के. पुरमहून पटपडगंजला आलो होतो. दार नुसतं लोटलेलं. तुम्ही खुर्चीत, पाय स्टुलावर, समोर टीव्ही. "वा रे पठ्ठ्या! काय हाणलाय!" मी टीव्हीकडे बघितलं. पडदा निळाशार, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत सूचना की तुमचं रिचार्ज संपलंय. मॅचचा आवाज येत होता तो भिंतीपलीकडून, भाटियांच्या टीव्हीचा. आणि तुम्ही त्या निळ्या पडद्याकडे एकटक बघत मॅच बघत होतात.

मी तसाच उभा राहिलो. मग विचारलं, "आई, स्कोअर काय झाला?"

"एकशे बेचाळीसवर तीन," तुम्ही म्हणालात. बरोबर होता. "पण हा टीव्ही फार बारीक बोलायला लागलाय हो श्रीकांतराव. जरा बघता का?"

"आई, टीव्ही बंद पडलाय. हा आवाज भाटियांकडचा आहे."

दुसरं कोणी असतं तर रडलं असतं, नाहीतर काहीतरी सारवासारव केली असती. तुम्ही पाय स्टुलावरून खाली घेतलेत आणि म्हणालात, "मग तर स्पीकर घ्यायलाच हवेत."

पुढच्या आठवड्यात आपण गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, त्यावर आता उपाय नाही. कडेकडेचं दिसत राहील, नेमकं समोरचं दिसणार नाही. चेहरे, अक्षरं, टीव्ही, हे संपलं. मी तेच पुन्हा दोनदा विचारलं. तुम्ही मात्र बाहेर येऊन म्हणालात, "म्हणजे समोर बसलेला माणूस सोडून बाकी सगळं दिसणार. आमच्या शाळेत एक इन्स्पेक्टर यायचे, त्यांचं असंच होतं."

आणि ऑटोत बसल्या बसल्या हुकूम सुटला. मेधाला सांगायचं नाही.

का, ते मला माहीत होतं. मेधाने आधीच जाहीर करून ठेवलं होतं की आईला जरा जरी काही झालं, तरी त्याच दिवशी पटपडगंजचं घर भाड्याने द्यायचं आणि आईला आपल्या क्वार्टरमध्ये आणायचं. ती बोलते तसं करते, तुमच्यावरच गेलीय. तुम्ही माझ्या मनगटाला धरून म्हणालात, "त्या घरात माझं काही अडत नाही. मीठ कुठे, माचिस कुठे, उंबरा कुठे, सगळं हाताला आणि पायाला पाठ आहे. तुमच्याकडे आले ना श्रीकांतराव, की त्या दिवशी मी आंधळी होणार. मी असेपर्यंत सांगू नका. मग तुमचं तुम्ही बघा."

मी, ज्याला ऑफिसात खाल्लेला समोसासुद्धा बायकोपासून लपवता येत नाही, तो मी हो म्हणालो. अटी घातल्या, पण सरकारी माणूस म्हणून घातल्या. रोज सकाळी आठला मी फोन करणार, दर तीन महिन्यांनी डॉक्टर, आणि गॅसजवळ नायलॉनची साडी बंद. तुमची अट एकच होती, स्पीकर. "दिसत नाही तर नाही, पण मॅचला निदान मैदानात बसल्यासारखं वाटू दे. भाटियांच्या उष्ट्या आवाजावर मी जगणार नाही."

झालं, मी कामाला लागलो. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेला माणूस कामाला कसा लागतो ते तुम्ही बघितलंच. पंधरा दिवस इंटरनेट पालथं घातलं आणि चौदा रकान्यांचा तक्ता केला. कुठल्या स्पीकरचे किती वॅट, कोणाची वायर किती लांब, कोणाची पेटी किती रुंद. रविवारी येऊन तुम्हाला वाचून दाखवायला घेतला, तर तिसऱ्या ओळीला तुम्ही घोरायला लागलात. ते सोंग होतं, कारण मी थांबल्याबरोबर तुमचा आवाज आला, "झालं? आता ही फाईल कोणाच्या टेबलावर जाणार?"

"आई, ऐका तरी. आपल्याला फाईव्ह पॉइंट वन घ्यायचाय."

"म्हणजे काय?"

"पाच छोटे स्पीकर. तीन पुढे, दोन तुमच्या मागे. आणि जाड आवाजासाठी एक पेटी."

"म्हणजे सहा."

"हो, पण त्याला फाईव्ह पॉइंट वन म्हणतात."

"पाच आणि एक सहा होतात श्रीकांतराव. पाच पूर्णांक एक दशांश म्हणजे पाच स्पीकर आणि सहाव्याचा दहावा तुकडा. राहिलेले नऊ तुकडे दुकानदार ठेवून घेणार का?" मी समजवायला गेलो की ती एक पद्धत आहे, जगभर असंच म्हणतात. तुम्ही म्हणालात, ज्याने हे म्हटलं त्याला माझ्याकडे पाठवा, दशांश अपूर्णांक पाचवीलाच पक्के व्हायला हवेत. शेवटपर्यंत तुम्ही त्याला 'पाच पूर्णांक एक दशांश' म्हणत राहिलात, आणि तेही माझी चूक असल्यासारखं.

शोरूमला मेधाही आली. नोएडाच्या मॉलमध्ये एक टायवाले सेल्समन तुम्हाला "आंटीजी, आंटीजी" करत माझ्याएवढ्या उंच स्पीकरांपुढे घेऊन गेले. तुम्ही हाताने चाचपलंत आणि म्हणालात, "इतने बडे? ये घर में खडे रहेंगे तो हम कहाँ खडे रहेंगे?" छोटे हवेत, पेरूएवढे, आणि भिंतीवर. उंच का नकोत, ते मला कळत होतं. तुम्ही त्यांच्यावर आपटला असतात.

मग त्यांनी ती एकच लांब पट्टी दाखवली, टीव्हीखाली ठेवतात ती. मेधाला ती फार आवडली. वायरी नाहीत, पसारा नाही. सेल्समन म्हणाले की आवाज भिंतींवर आपटून मागून आल्यासारखा वाटतो. तुम्ही डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलंत आणि मान हलवलीत. "ये सामने बैठके पीछेवाले की आवाज निकाल रहा है। चीटिंग है। मुझे सच में पीछे बैठा हुआ चाहिए।" मेधाने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

पण खरी मजा नंतर आली. छोट्या स्पीकरांचा संच लावल्यावर त्यांनी हेलिकॉप्टरचा आवाज सोडला, त्यांच्या लाडक्या नमुन्यातला. तुम्ही म्हणालात, "बेटा, हमारे यहाँ हेलिकॉप्टर नहीं आता। भीड सुनाओ।" कुठल्यातरी मैदानावरची गर्दी लागली. तुम्ही पुन्हा डोळे मिटलेत, हात मागे बांधलेत, तोंड समोरच्या भिंतीकडे. मी बघतच राहिलो. फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावर कोण बोलतंय ते ओळखणाऱ्या बर्वे बाई त्या मॉलमध्ये उभ्या होत्या. मिनिटभराने तुम्ही न वळता बोट दाखवलंत. "पीछे का दायाँ और बायाँ, दोनों ने जगह बदली है।" सेल्समन हसले. तपासलं, तर खरंच डाव्याची वायर उजव्याला होती. ते कान धरून म्हणाले, तीन महिने असंच चाललंय, एकाही गिऱ्हाइकाला कळलं नाही. त्यानंतर तुम्हाला चहा आला. मला आणि मेधाला नाही.

"आई, तू डोळे का मिटत होतीस?" मेधाने परत येताना गाडीत विचारलं.

"उघडे ठेवले की ती झगमग डोक्यात जाते," तुम्ही म्हणालात. थाप मारायची तुमची जी सफाई होती ना, तिचा मला फार हेवा वाटायचा.

बसवायच्या दिवशी आपलं कडाक्याचं वाजलं. नियमाप्रमाणे मागचा उजवा स्पीकर जिथे यायला हवा, बरोबर तिथे तुमचं देवघर. मी टेप आणि कोनमापक घेऊन आलो होतो. म्हटलं, देवघर दीड फूट सरकवू. तुम्ही म्हणालात, स्पीकर सरकवा. मी म्हटलं, एकशे दहा अंशाचा कोन यायला हवा. तुम्ही म्हणालात, "देव इथे कोन मोजून बसलेले नाहीत. आणि कोनमापक उलटा धरलाय तुम्ही." तुम्हाला कोनमापक दिसत नव्हता, आई! मी घाईने सरळ करायला गेलो, मग लक्षात आलं की तो सरळच होता. इलेक्ट्रिशियन यादवजी शिडीवर ड्रिल घेऊन उभे, आपलं मराठीतलं भांडण ऐकतायत. शेवटी तेच म्हणाले, "साहब, भगवान को मत हिलाइए, मैं ऊपर टाँग देता हूँ।" असा तो स्पीकर देवांच्या डोक्यावर गेला, आणि पुढे दीड वर्ष पानमसाल्याच्या जाहिराती तुमच्या बाळकृष्णाच्या मागून येत राहिल्या. माझं अजूनही मत आहे की देवघर सरकवायला हवं होतं. तुमचंही मत काही बदललं नसणार.

वायरी मात्र आपण दोघांनी एकदिलाने छतालगत पट्टीतून नेल्या. मेधा म्हणत होती, सतरंजीखालून घाला, इतका खटाटोप कशाला. तुम्ही म्हणालात उंदीर. मी म्हटलं अर्थिंग. दोन्ही एकाच वेळी. तिसऱ्या मजल्यावर उंदीर कुठून, असं ती विचारत राहिली, आणि यादवजी तर माझ्याकडे असे बघत होते की यांना पुन्हा कधी घरात प्लगसुद्धा लावू देऊ नये. सतरंजीला फुगवटा आला असता तर तुमचा पाय अडकला असता, हे तिला कसं सांगणार?

मग ती मोजणी. सिस्टिमबरोबर एक चिमुकला माईक येतो, तो ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवायचा, घरात चिडीचूप, आणि एकेक स्पीकर आळीपाळीने टूं करून खोलीचा अंदाज घेतो. मी हे समजावलं तर तुम्ही म्हणालात, "अच्छा, हजेरी." आणि पहिला स्पीकर टूं म्हणाल्याबरोबर खणखणीत आवाजात "हजर!" म्हणालात. ती मोजणी वाया. दुसऱ्या वेळी तोंडावर बोट ठेवून बसलात, तर कुकरची शिट्टी झाली. मी बंद करायला धावलो तर म्हणे, तीन झाल्याशिवाय हात लावायचा नाही, वरण कच्चं राहील. यंत्राने त्या शिट्ट्यांसकट खोली मोजली, आणि मागच्या स्पीकरांचे आवाज इतके मोठे करून ठेवले की बातम्या लावल्यावर निवेदिका समोर कुजबुजायची आणि मागून अख्खी संसद ओरडायची.

पण पहिली मॅच, आई. पहिला चौकार बसला आणि तुमच्या पाठीमागून गर्दी उठली. तुम्ही दचकून मागे वळलात, मग पुन्हा समोर, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी चहा आणायच्या निमित्ताने आत गेलो. खरंच रडलो, ओट्याजवळ उभा राहून. बाहेरून तुमचं चालूच होतं, "माझ्या डाव्या कानाशी कोणीतरी शिट्ट्या मारतोय. उद्धट कुठला!" फार खूश होतात तुम्ही.

दसऱ्याला मात्र आपण जवळजवळ पकडले गेलो. तुमचा नेम, की घरातलं प्रत्येक हत्यार आणि यंत्र पुजायचं. विळी, शिवणयंत्र, मिक्सर, माझी गाडी, आणि त्या वर्षी पाच पूर्णांक एक दशांश. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू, अक्षता. संध्याकाळी मेधाने मॅच लावली. स्टेडियममधला ढोल वाजला की पेटीतून खर्र, पुन्हा ढोल, पुन्हा खर्र. "टाळ्या वाजवतायत," तुम्ही म्हणालात. मेधाने पेटीला कान लावला, मग बाजूला बघितलं. त्या पेटीला एका अंगाला वाटीएवढं भोक असतं, आवाज बाहेर यायला. तुम्ही अख्खी पूजा त्या भोकात घातली होती.

"आई, तुला एवढं मोठं भोक दिसलं नाही?"

तुम्ही पदर सावरलात. "दिसलं की. म्हणून तर आत घातली. यंत्र आत आहे, पूजा बाहेरून करून काय उपयोग?"

मेधा माझ्याकडे वळली. "आणि तू बघत बसलास?"

"मीच सांगितलं," मी म्हणालो. "आतून... आतून केलेली चांगली."

तिने मला काय काय म्हटलं ते तुम्ही ऐकलंतच. सव्वीस वर्षांच्या संसारात मूर्ख हा शब्द तिने इतक्या मनापासून कधी वापरला नव्हता. दुसऱ्या दिवशी यादवजींनी पेटी खोलली. मूठभर तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या आणि एक सुपारी निघाली. "माताजी, इसके अंदर तो पूरा मंदिर है," असं म्हणून त्यांनी हात जोडले. तुम्ही सुपारी परत मागून घेतलीत. आणि ते गेल्यावर मला म्हणालात, "आज तुम्ही माझ्यासाठी शिव्या खाल्ल्यात. जेवून जा." भरली वांगी होती. मीठ दोनदा पडलं होतं, ते मी सांगितलं नाही.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, पण माझं मन मला खात होतं. बायकोशी रोज खोटं बोलायचं म्हणजे काय ते तुम्हाला कळलं नाही, आई, किंवा कळून तुम्ही कानाडोळा केलात. मी म्हणायचो, आता सांगू या. तुम्ही म्हणायच्यात, दिवाळी होऊ दे. मग मेधाचं प्रमोशन होऊ दे. मग ही सिरीज संपू दे. क्रिकेटमध्ये सिरीज कधी संपतच नाहीत, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. ऑफिसात एवढी एक्स्टेन्शन्स मी कोणाला दिली नाहीत.

आणि मग या जानेवारीत तुमचा हात तव्यावर भाजला. चांगला तळहात सोलला. मेधाला तुम्ही वाफेचं कारण सांगितलंत. मी त्या दिवशी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, बस झालं, आज संध्याकाळी मी तिला सांगणार, मग काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

"सांगा," तुम्ही म्हणालात. "रविवारी मला घेऊन जा. खुर्चीत बसवा. मेधा मला पाणी आणून देईल, ताटात काय कुठे आहे ते सांगेल, हात धरून मोरीत नेईल. आनंदाने करेल, माझी पोर आहे ती. पण मग मी तिची आई नाही राहणार श्रीकांतराव. मी तिचं काम होईन."

मी चिडलो. चहा न घेता निघून आलो, मेधालाही सांगितलं नाही, आणि दोन दिवस सकाळचा आठचा फोन केला नाही. माझ्याच अटीतला फोन. तिसऱ्या दिवशी तुमचाच आला. "श्रीकांतराव, मागचा डावा बोलत नाही हो." मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून आलो. स्टुलावर चढून बघितलं तर वायर मागून सरळ उपटलेली होती. स्पीकर आपली वायर आपण उपटत नाही. स्टूल भिंतीशी लावून ठेवलेलं होतं. म्हणजे त्या वयात, त्या डोळ्यांनी, भाजलेल्या हाताने तुम्ही स्टुलावर चढला होतात, मी यावं म्हणून. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की मी भिंतीकडेच तोंड करून वायर खोचत राहिलो. खाली उतरलो तेव्हा चहा तयार होता. आपण सॉरी म्हणालो नाही, दोघंही. बिस्किटं खाल्ली, अर्धी मॅच बघितली. मी तेव्हा बोलायला हवं होतं, आई. आता बोलतो. माझं चुकलं. दोन दिवस मी तुम्हाला एकटं टाकलं.

त्यानंतर अकरा दिवसांनी तुम्ही गेलात. सकाळी अकराच्या सुमाराला, खुर्चीत, मॅच सुरू व्हायच्या आधीची बडबड चालू असताना. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही पडून गेला नाहीत, भाजून गेला नाहीत, माझ्यावर तो आळ येऊ दिला नाहीत, याबद्दल मी तुमचा जन्मभराचा ऋणी आहे. तुमच्या स्पीकरांचा आवाज मोठा आहे म्हणून भांडायला भाटिया आले होते. बेल वाजवून वाजवून थकले आणि मग मला फोन केला. भांडायला आलेला तो माणूस तुमच्या दारात बसून लहान मुलासारखा रडत होता.

आज मी आणि मेधा घर आवरायला आलो. ती कपाट लावत होती. मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. निळ्या पडद्यापासून तव्यापर्यंत, फक्त एक गोष्ट सोडून. तुम्ही असेपर्यंत नाही म्हणाला होतात, मी तेवढं पाळलं.

तिने हातातली घडी खाली ठेवली. मग "दीड वर्ष?" म्हणाली. मग मला जे ऐकायला लागलं त्यापुढे दसरा काहीच नव्हता, आणि त्यातला एकेक शब्द बरोबर होता. म्हणाली, मी तिला नेलं नसतं. मग म्हणाली, नेलंच असतं. मग पलंगावर बसली.

"श्री, एक सांग. दिवाळीला मी आत पाऊल टाकल्या टाकल्या आई म्हणाली, हा हिरवा तुला खुलून दिसतो. मागच्या महिन्यात म्हणाली, पिवळ्यात तू अगदी कॉलेजातली वाटतेस. दर वेळी काहीतरी म्हणायची. तिला दिसत नव्हतं ना?"

आता तीही सांगणं भाग होतं. आम्ही तुमच्याकडे यायला निघालो की तुमचा फोन यायचा, रिमोटचं अमुक बटण कुठलं, आवाज कमी कसा करायचा. आणि मी गॅलरीत जाऊन हळूच सांगायचो, आज हिरवी साडी आहे, आज पिवळा कुर्ता आहे. तुम्ही "बरं" म्हणून फोन ठेवायच्यात.

"म्हणजे तू सांगितलेलं बोलत होती ती?" मेधाचा आवाज चिरकला.

"मी फक्त रंग सांगायचो," मी म्हणालो. "खुलून दिसतो, हे मी कधीच सांगितलं नाही. ते आईंचं."

मेधा रडली, आई. तेरा दिवस ती रडली नव्हती, सगळ्यांचं चहापाणी बघत होती. आज तुमच्या पलंगावर बसून, तोंडात ओढणी कोंबून रडली. बऱ्याच वेळाने तिने चेहरा पुसला, नाक ओढलं आणि माझ्यावर खेकसली, "मग बसलायस काय नुसता? सांग ना तिला. आज मी काय घातलंय ते."

म्हणून सांगतो, आई. निळा कुर्ता आहे, तिचा जुनाच, कोपरापाशी विरलेला. पांढरी ओढणी, ती आता चुरगळलीय. केसांत तुमच्या माळ्यावरची धूळ आहे. रंग मी सांगितले. पुढचं तुम्ही म्हणा, ती वाट बघतेय.